दोन मिलिग्रॅम मिळवा

मोजमाप करण्याआधी मोजणारे साधन तपासून घ्यावे, यावर सर्व शहाण्या माणसांचे एकमत आहे. दुकानदाराचा तराजू तपासला जातो, पेट्रोल पंप तपासला जातो, तापमापीसुद्धा तपासली जाते. रोज सकाळी आरशासमोर 'तुझ्याच्याने काही व्हायचे नाही' असे रीडिंग देणारे डोक्यातले साधन मात्र जन्मापासून एकदाही तपासलेले नसते. तरी माणसे त्याच्या भरवशावर नोकऱ्या नाकारतात, लग्ने मोडतात आणि केस कसे कापावेत ते ठरवतात.

आमच्या पाणी तपासणी प्रयोगशाळेत हा गलथानपणा बंद झाला, याचे श्रेय गुणवत्ता विभागाच्या बाईंचे. बाई फार नियमप्रिय आहेत. (चहा गार झाला असे कुणी म्हटले, तर त्या 'कशाच्या आधारे?' असे विचारतात, आणि उत्तर मिळेपर्यंत तो खरोखर गार होतो.)

प्रकरण सुरू झाले ते ताईंवरून. ताई आमच्याकडच्या सर्वांत अचूक विश्लेषक. विभागप्रमुखाची जागा रिकामी झाली होती, शुक्रवारी मुलाखत होती आणि ताईंनी अर्जच केला नव्हता. त्यांनी अर्ज न केल्यास ती जागा साहेबांच्या मेव्हण्याला जाणार आणि ताईंना त्याच्या हाताखाली काम करावे लागणार, हे सर्वांना ठाऊक होते. मेव्हण्याला तर सर्वांच्या आधी. (या गृहस्थांनी एकदा तपासायला आलेला नमुना तहान लागली म्हणून पिऊन टाकला होता. 'चव बरी आहे' असा तोंडी अहवालही दिला होता.)

"अगं, अर्ज का नाही केलास?" बाईंनी विचारले.

"नाही जमणार मला ते."

"कोण म्हणतं?"

"कोण म्हणजे... मीच. आतून वाटतं तसं."

"आतून म्हणजे कुठल्या साधनातून? शेवटचं कधी तपासलंय?"

ताईंना वाटले, बाई गंमत करत आहेत. बाईंनी आयुष्यात गंमत केलेली नाही. न तपासलेल्या साधनाच्या रीडिंगवर निर्णय घेणे हा आमच्याकडे नियमभंग आहे. त्याच दुपारी ताईंचा आतला आवाज उपकरणांच्या नोंदवहीत चढवला गेला: 'आवाज, आतला, नग एक, जागचा हलवता न येणारा.' एकाच कर्मचाऱ्याचा नोंदवणे पक्षपाताचे झाले असते, म्हणून मग सगळ्यांचेच नोंदवले.

पाहणीत शंभर टक्के कर्मचाऱ्यांच्या डोक्यात कुणीतरी बोलते असे आढळले. भांडारवाले काका तेवढे म्हणाले, "माझ्या डोक्यात कुणी बोलत नाही बुवा."

"हे तुम्हाला कुणी सांगितलं?" बाईंनी विचारले.

काकांनीही नोंदवहीत सही केली.

आवाजांच्या जातीही निघाल्या. एका थेंबावरून सगळी विहीर नासली असे जाहीर करणारा. समोरच्याच्या मनात काय चालले आहे ते समोरच्याला न विचारता सांगणारा. आणि परिस्थिती कशीही असो, 'बघ, मी म्हटलं नव्हतं?' एवढेच म्हणणारा. (हा शेवटचा अनेकांच्या बाबतीत डोक्याबाहेर, घरीही उपलब्ध आहे.)

तपासणीची रीत सोपी होती. बाहेरच्या प्रयोगशाळेतून आमच्याकडे बंद बाटल्या येतात. त्यांतल्या पाण्यात किती क्षार आहेत हे फक्त पाठवणाऱ्याला माहीत असते. प्रत्येकाने बाटली तपासायची, त्या वेळी आतला आवाज काय म्हणतो ते मोठ्याने सांगायचे आणि मग खरे उत्तर उघडायचे.

"एक थेंब जास्त पडला," ताई म्हणाल्या. "सगळं चुकलं. माझ्या हातात दमच नाही."

उत्तर तंतोतंत बरोबर निघाले. दुसऱ्या बाटलीला तेच, तिसऱ्या बाटलीला तेच.

"हात चांगला आहे," बाई म्हणाल्या. "काटा बिघडलाय."

आमच्या कोपऱ्यात एक जुना वजनकाटा आहे. तो कायम दोन मिलिग्रॅम कमी दाखवतो. पण म्हणून काही त्याला कुणी फेकून दिले नाही, की त्याच्यापायी कुणी रडलेले नाही. त्याच्यावर एक चिठ्ठी आहे, 'दोन मिलिग्रॅम मिळवा', आणि काम बिनबोभाट चालते. ताईंनाही चिठ्ठी देण्यात आली: 'पुष्कळ मिळवा'. नियमानुसार चिठ्ठी उपकरणाच्या दर्शनी भागावर चिकटवावी लागते. आतल्या आवाजाचा दर्शनी भाग म्हणजे कपाळ, याबद्दल बाईंच्या मनात शंका नव्हती.

ताईंनी चिठ्ठी लावली, तिच्याप्रमाणे पुष्कळ मिळवून पाहिले आणि अर्ज भरला.

कार्यक्रम उत्तम चालला होता. गुरुवारी साहेबांची पाळी आली. "प्रश्नच नाही, अचूक," साहेबांचा आवाज म्हणाला. साहेबांच्या उत्तरानुसार बाटलीत समुद्र होता. प्रत्यक्षात ते क्षार नावालाही नसलेले ऊर्ध्वपातित पाणी होते. बाईंनी शांतपणे चिठ्ठी लिहिली, 'निम्मे वजा करा', आणि गोंदाची बाटली उघडली. चिठ्ठी साहेबांच्या कपाळाला चिकटते न चिकटते तोच प्रयोगशाळा बघायला आलेले बाहेरचे पाहुणे आत आले.

आतले आवाज हा कर्मचाऱ्यांचा खासगी मामला असल्याचा आदेश संध्याकाळच्या आत निघाला. चिठ्ठ्या उतरल्या. गोंद मात्र चांगल्या प्रतीचा असल्याने शुक्रवारी ताई मुलाखतीला गेल्या, तेव्हा त्यांच्या कपाळावर पुसट चौकोन होता. साहेबांच्याही होता.

'आत गेलीस की बोबडी वळणार,' असे ताईंचे साधन दारातच म्हणाले. बोबडी वळलीही, पण पहिल्या प्रश्नापुरतीच. मग बाहेरून आलेल्या परीक्षकांनी टेबलावर एक बाटली ठेवली आणि विचारले, "हिचं काय कराल?" ताईंनी बाही सावरली आणि पाणी तपासायला घेतले. 'चुकलं,' असे आतून ऐकू आले. ताईंनी पुष्कळ मिळवले आणि आकडा सांगितला.

मेव्हण्यांनाही तोच प्रश्न, तशीच बाटली. बाहेर ऊन होते आणि त्यांना तहान लागली होती.

आता ताई विभागप्रमुख आहेत. 'हे काही फार दिवस टिकायचं नाही,' असे त्यांचे साधन रोज सांगते. ते दुरुस्त झालेले नाही. फक्त त्याचे कुणी मनावर घेत नाही. साहेबांच्या साधनाबद्दल बोलण्यास मनाई आहे.

वाचकहो, हे वाचताना तुमच्या साधनानेही एक रीडिंग दिले असेल. 'मला नाही जमायचं हे,' असे आले असेल, तर पुष्कळ मिळवा. 'मला याची गरजच नाही,' असे आले असेल, तर कपाळ जरा पुढे करा. बाईंकडे गोंद शिल्लक आहे.