दोन शिक्के आणि एक कप चहा

हाताची पाचही बोटं सारखी नसतात, हे शासनाला फार पूर्वीपासून ठाऊक आहे. म्हणूनच शासन फक्त अंगठा घेतं.

याच थोर तत्त्वावर कार्यक्षमता निश्चिती कक्ष उभा राहिला. स्वमग्न माणसाला एक गोष्ट झोपेतही जमते आणि दुसरी जिवाचं रान करूनही जमत नाही, शिवाय काल जमलेली आज जमेलच असं नाही, अशा तक्रारी कक्षाकडे सारख्या येत. कक्षानं त्यावर सखोल विचार केला आणि दोन शिक्के बनवून घेतले. एक ‘उच्च कार्यक्षम’, दुसरा ‘अल्प कार्यक्षम’. (मधला शिक्काही मागवला होता. भांडार विभागानं विचारलं, ‘मधला म्हणजे नक्की कुठला?’ त्याचं उत्तर अजून गेलेलं नाही.)

नियम लहान मुलालाही कळावा असा होता. उच्च ठरला त्याला नोकरी मिळे, मदतनीस मिळत नसे. अल्प ठरला त्याला मदतनीस मिळे, नोकरी मिळत नसे. नोकरीवर पोचण्यासाठीच ज्याला मदतनीस लागतो, असा माणूस नियमात नव्हता. नियमात नसलेली माणसं कक्षात येतही नसत. (त्यांना दारावरूनच परत पाठवलं जाई.)

कक्षाचे प्रमुख म्हणजे साहेब. त्यांची नजर अशी तयार झालेली की माणूस दारातून आत येतानाच त्यांना शिक्का दिसे. बायकोनं काढून ठेवलेला शर्ट घालून, ड्रायव्हरनं दार उघडलेल्या गाडीतून उतरून, शिपायानं पुसलेल्या खुर्चीवर ते बसत आणि लोक स्वतःच्या पायांवर उभे आहेत की नाहीत हे तपासत. त्यांचे नव्व्याण्णव टक्के निकाल अचूक ठरत. उरलेला एक टक्का तक्रार करी; आणि ज्याला तक्रार करता येते तो उच्च कार्यक्षम, हे उघडच आहे. तक्रार न करणारे अर्थातच अल्प.

अशा सुरळीत कारभारात एका सकाळी दुभाषीबाई आल्या.

बाई न्यायालयात दुभाष्याचं काम करत. साक्षीदार एका भाषेत ओक्साबोक्शी रडला तरी बाई तेच रडणं दुसऱ्या भाषेत एक शब्द न सांडता न्यायाधीशांपुढे ठेवत. पण रोज सकाळी आधी दात घासायचे की कपडे काढायचे, इथेच त्यांचं घोडं अडे. गॅसवर ठेवलेलं दूध त्यांना धुराचा वास आल्यावरच आठवे. रस्त्यावर सगळ्या गाड्या एकदम कानात शिरत. आणि मोठा आवाज झाला की वाचाच बसे. आवाज थांबला, की थोड्या वेळानं आपसूक परत येई. सकाळचं सगळं निभावून नेई ती मावशी. मावशी नात्यानं कुणीच नव्हती, कक्षानं नेमलेली मदतनीस होती. पण रोज कुणाची तरी वेणी घालता घालता नातं लागतंच.

दोन्ही शिक्के बाईंनी भोगून झाले होते. पहिल्यांदा अल्प ठरल्या तेव्हा न्यायालयानं त्यांना घरी बसवलं. मग भांडून उच्च ठरल्या, तर मावशी गेली. आणि एका दुपारी उपाशीपोटी साक्ष सांगता सांगता बाई साक्षीदाराच्या पिंजऱ्यापाशीच कोसळल्या. (साक्ष मनापासून दिली गेली, असं न्यायालयाचं मत झालं.) तेव्हापासून नोकरी आणि मावशी दोन्ही तात्पुरत्या चालू होत्या. आज कायमचा निकाल होता, म्हणून मावशीही सोबत आली होती. बाईंना भीती वाटत होती, आणि ती लपवण्याची कला त्यांना येत नव्हती.

“बसा,” साहेब म्हणाले. “काय हवंय तुम्हाला?”

“दोन्ही. नोकरी आणि मावशी. मावशी नसेल तर मी कोर्टात पोचत नाही. आणि कोर्ट नसेल तर मावशीनं मला रोज तयार करायचं कशाला?”

वाक्य इतकं नेटकं होतं की साहेबांचा हात आपोआप उच्चकडे गेला. शिक्का उमटला. आणि तेवढ्यात बाहेर ड्रिल सुरू झालं. कक्षाच्या भिंतीवर एक कारागीर ‘शांतता राखा’ अशी पाटी बसवत होता.

बाईंनी दोन्ही कान गच्च दाबले, डोळे मिटले आणि त्या मागेपुढे झुलू लागल्या. साहेबांनी कर्तव्य म्हणून नाव विचारलं. उत्तर नाही. पत्ता विचारला. उत्तर नाही. साहेब चुकीला चिकटून राहणारे नव्हते. त्यांनी उच्च खोडला आणि अल्प मारला.

ड्रिल थांबलं. जरा वेळानं बाईंनी डोळे उघडले. “खोडलेल्या जागी तुमची सही लागेल,” त्या म्हणाल्या. “नाहीतर कोर्टात तो कागद टिकत नाही.”

साहेबांनी निमूटपणे सही केली, अल्प खोडला, उच्च मारला. ड्रिल सुरू झालं. उच्च खोडला, अल्प मारला. असं करता करता कागद जांभळा झाला, शिपायानं शाईची नवी डबी उघडली, आणि मावशीचा संयम संपला.

“अहो साहेब, माणूस तोच आहे ना? भोकं भिंतीला पडतायत, आणि माझ्या पोरीला तुम्ही वरखाली काय करताय?”

तेवढ्यात कारागिरानं दारातून डोकं आत घातलं. “साहेब, एक भोक राहिलंय. पाडू का जेवून येऊ?”

एका माणसाची बुद्धी, नोकरी आणि सकाळचा घास त्याच्या बोटाखालच्या बटणावर आहे, याची त्या भल्या माणसाला कल्पना नव्हती. साहेबांना होती. साहेब म्हणाले, “थांबा. नियम पाहतो.”

नियमात सोय होती. संशयाच्या प्रसंगी संबंधित व्यक्तीनं कोणाच्याही मदतीशिवाय एक कप चहा करून दाखवावा. तत्पूर्वी परीक्षकानं तो स्वतः करून दाखवावा, म्हणजे परीक्षेत अन्याय होत नाही. हे कलम आजवर वापरलं गेलं नव्हतं, कारण साहेबांना आजवर संशय आला नव्हता.

कोपऱ्यात शेगडी होती. साहेब बाह्या सरसावून तिच्यापुढे उभे राहिले. चहाशी त्यांचा परिचय दांडगा होता, पण तो कपाच्या अलीकडचा.

“काडेपेटी कुठे असते रे?” त्यांनी शिपायाला विचारलं.

“मदत चालत नाही, साहेब,” शिपाई दुःखानं म्हणाला. (हे दुःख त्याच्या चेहऱ्यावर मात्र दिसत नव्हतं.)

काडेपेटी सापडली. साहेबांनी कोरड्या पातेल्यात साखर घातली, वर चहाची पूड घातली आणि चहाची वाट पाहू लागले. धूर आला. चहा आला नाही.

“आधी पाणी,” बाई हळूच म्हणाल्या.

साहेबांनी घाईघाईनं पातेलं उचललं, हातानंच. पुढचा शब्द त्यांनी उच्चारला तो नियमात नाही. शिपायानं धावत जाऊन मलम आणलं, बोटांना फुंकर घातली, पट्टी बांधली. मावशीनं शेगडी बंद केली.

“हे पाहा,” साहेब खुर्चीत टेकत म्हणाले, “मला येत नाही असं समजू नका. मला कधी गरजच पडत नाही. माझ्याकडे माणसं आहेत.”

“हो ना,” बाई म्हणाल्या. त्यांच्या आवाजात टोमणा नव्हता. तो त्यांना येतच नसे. “मीही तेच सांगायला आलेय. मला तर तुमच्यासारखी चार नकोत. एकच पुरे.”

खोलीत अगदी शांत झालं. पाटी न लागताच. साहेबांनी स्वतःच्या शर्टाकडे पाहिलं. तो सकाळी कुणी निवडला ते त्यांना आठवलं, आणि त्यांना लाज वाटली. खरीखुरी, कान तापवणारी लाज. ती कितीतरी वेळ टिकली, म्हणजे शिपायानं गार पाणी आणेपर्यंत.

मग त्यांच्यातला प्रशासक जागा झाला. त्यांनी डाव्या हातानं कलमाखाली खुलासा लिहिला: ‘पत्नी, आई, वाहनचालक व शिपाई यांनी केलेल्या कामास मदत समजू नये. त्यास अनुक्रमे संसार, माया, कर्तव्य व शिष्टाचार असे संबोधावे.’ त्यासरशी साहेब पुन्हा पूर्ण कार्यक्षम झाले.

“तुम्हीही लग्न करून टाका,” त्यांनी बाईंना आपुलकीनं सुचवलं. “नवऱ्याची मदत आम्ही मोजत नाही.”

“मोजायला ती असावी लागते, साहेब,” मावशी म्हणाली.

कारागीर एव्हाना जेवायला निघून गेला होता. बाहेर सामसूम होती. चहाची परीक्षा अर्धवट राहिली तर उमटलेला शेवटचा शिक्का कायम धरावा असा नियम आहे, आणि शेवटचा शिक्का उच्चचा होता. बाईंची नोकरी राहिली. मावशी उद्यापासून बंद झाली. साहेबांनी मनापासून अभिनंदन केलं. बाई काहीतरी बोलायला गेल्या, पण त्यांची वाचा बसली होती. ड्रिल नसताना. त्याची नोंद करायला कागदावर जागा उरली नव्हती.

मात्र कक्ष निष्ठुर आहे असं कुणी म्हणू नये. साहेबांचा उजवा हात कर्तव्य बजावताना भाजला होता. तो बरा होईपर्यंत त्यांना रोज सकाळी एक मदतनीस मंजूर झाला. सुदैवानं मावशी नुकतीच मोकळी झाली होती.

वाचकहो, तुम्ही हे सगळं बसल्या जागी, कुणालाही अर्थ न विचारता वाचलंत, म्हणजे तुम्ही उच्च कार्यक्षम आहात. कक्षाला त्यात तिळमात्र संशय नाही. फक्त वाचताना शेजारी येऊन राहिलेला तो चहाचा कप जरा पाहा, आणि तो कुणी केला ते आठवा. नाव कळवायची गरज नाही. ती व्यक्ती उद्यापासून येणार नाही.