उद्या सकाळची गाडी

आमची बाई घरात पाऊल टाकायच्या आधी परतीची गाडी विचारते.

बाई म्हणजे माझी थोरली बहीण, कुसुम. माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी. मी पंचावन्नी ओलांडली, कॉलेजच्या ऑफिसात हेडक्लार्क झालो, तरी तिच्यासाठी मी सुध्याच आहे. ती अकोल्याला राहते, आम्ही अमरावतीला. दोन-अडीच तासांचा रस्ता. महिन्या-दीड महिन्यानं ती येते. रिक्षातून उतरते, एक पाय फाटकात आणि एक रस्त्यावर असतानाच विचारते, "सुध्या, उद्या सकाळची पयली गाडी कितीची हाय रे?"

"सहाची."

"मंग सहाचीच धरतो. घरी लय काम पडून राह्यलं."

आमच्याकडच्या बाया 'धरतो', 'जातो' असंच बोलतात. पुण्याच्या माझ्या साडूला ते अजून पचलेलं नाही. एकदा तो इथे असताना बाई आली, तर तो मला बाजूला घेऊन विचारत होता, नक्की कोण जाणार आहे?

बाईची एक निळी बॅग आहे. ती बॅग आमच्या घरात कधी उघडी राहिलेली मी पाहिली नाही. ती दाराशी चपलांच्या स्टँडवर ठेवायची, तोंड रस्त्याकडे करून. कंगवा लागला की बाई बॅगेपाशी जाणार, चेन उघडणार, कंगवा काढणार, चेन लावणार. केस विंचरले की कंगवा परत आत, चेन बंद. माझी बायको वैशाली पहिल्या-पहिल्यांदा म्हणायची, "बाई, कपाटात एक कप्पा खाली करून देतो तुमाले." त्यावर बाईचं उत्तर ठरलेलं, "कायले वं? मी काय राहाले आली?"

ती बसतसुद्धा नाही. चहा उभ्यानं. जेवायला बसली तर एक गुडघा वर, म्हणजे केव्हाही उठता यावं. टीव्ही स्वयंपाकघराच्या दारातून पाहणार, आणि मालिकेतली सून रडायला लागली की "हिले काही कामधंदा नाही" म्हणून आत निघून जाणार. बत्तीस वर्षं तिनं तेल्हाऱ्याकडच्या शाळांमध्ये पोरांना शिकवलं. तेव्हा खुर्ची होती, पण त्या खुर्चीवर ती पोरांच्या वह्या ठेवायची असं तिचेच विद्यार्थी सांगतात.

मी पडलो सुस्त माणूस. सकाळी माझी खुर्ची, माझा पेपर, माझा दुसरा चहा, एवढ्यावर माझा दिवस उभा असतो. बाई आली की यातलं काहीच जागेवर राहत नाही. खुर्चीखालून झाडू फिरतो. पेपरची घडी होते. आमच्याकडे नळ दिवसाआड येतात. तिच्या भागात ते कधी येतील याचा नेम नाही, त्यामुळे वाहतं पाणी दिसलं की ती पिसाळते. बादल्या, पिंप भरून झाले की ती भांड्यांकडे वळते. एकदा वैशाली भाजी फोडणीला टाकायला गेली तर कढईत पाणी, कुकरमध्ये पाणी, डब्यांत पाणी, आणि माझी मुलगी ऋतुजा हिच्या टिफिनच्या तिन्ही पुडांत पाणी. घरात कोरडं असं एक लाटणं तेवढं होतं.

"आत्या, हे पाणी आता ओतायचं कुठं?" ऋतुजानं विचारलं.

"ओतते काहून? उद्या नळ नाही आले तं?"

भाजीबाजारात तर विचारूच नका. आमचे वडील अंजनगावकडे भाजीचा मळा करायचे, आणि मेथीच्या जुड्या बांधायचं काम लहानपणापासून बाईचं होतं. त्यामुळे सैल बांधलेली जुडी तिला पाहवत नाही. आमच्या चौकातल्या भाजीवाल्याकडे ती सांबार घ्यायला गेली, म्हणजे तुमची कोथिंबीर, आणि त्याच्या जुड्या सोडून पुन्हा बांधायला लागली. तो आधी चिडला. "बाई, घ्याचं असन तं घ्या, नाई तं राहू द्या." तिनं ऐकलं नाही. तासाभरानं मी शोधत गेलो तर टोपलीच्या मागे बाई उभी, भाजीवाला बाजूला बिडी ओढतोय, आणि चार गिऱ्हाइकं तिच्याशी घासाघीस करताहेत. आता मी दिसलो की तो भाव सांगायच्या आधी विचारतो, "बाई कधी येऊन राह्यल्या?"

सहाची गाडी मात्र बाईनं आजवर धरलेली नाही. आधी नळ, मग झाडलोट, मग बाजार. नऊच्या सुमारास तिची आंघोळ, चहा होऊन ती दाराशी येते, बॅग खांद्याला लावते आणि म्हणते, "बरं, येतो मी."

इथे एक गोष्ट घडते. दर वेळी घडते.

आमच्याकडे माहेरी आलेली लेक बुधवारी परत पाठवत नाहीत. आमची माय होती तोवर ती आतून ओरडायची, "कुसमे, आज वार कोणता? जाशीन बुधी, येशीन कधी!" की बाई कपाळावर हात मारायची. "घ्या. माह्या ध्यानातच नाही राह्यलं." बॅग खांद्यावरून उतरायची, चपलांच्या स्टँडवर जायची, आणि मुक्काम एका दिवसानं वाढायचा. माय गेली तेव्हापासून हे म्हणायचं काम माझ्याकडे आलं. बाई नेमकी मंगळवारी येते, बुधवारी निघते, मी म्हण म्हणतो, ती कपाळावर हात मारते आणि गुरुवारी जाते. मी वैशालीला म्हणायचो, एवढी शाळामास्तरीण, पण हिला वारांचं भान नाही. वैशाली तोवर कणकेचा डबा काढायला गेलेली असायची.

तर मागच्या बुधवारची गोष्ट.

त्या दिवशी ऑफिसात तपासणी होती. दहाच्या ठोक्याला कपाटं उघडायला हवी होती आणि कपाटाची चावी माझ्याकडे. रात्री मी ती टेबलावर ठेवली होती, सकाळी नव्हती. खुर्चीखाली पाहिलं, पँटचे खिसे पाहिले, गादी उलटी केली. पाऊण तास गेला. शेवटी चावी देवघरामागच्या खिळ्याला सापडली, लाल दोरा बांधून टांगलेली.

"चावी काय टेबलावर ठेवाची चीज हाय?" बाई म्हणाली. "खिळ्यावर राह्यली की सापडते."

"बाई, सापडली नाही ना पण."

"तू पाह्यलं काहून नाही खिळ्यावर?"

मी दात खाल्ले. शर्टाला इस्त्री नव्हती. चहा गार झाला होता. साडेनऊ वाजत आले होते आणि बाई दाराशी उभी राहिली, बॅग खांद्याला. "बरं, येतो मी."

आणि थांबली.

मला माहीत होतं काय म्हणायचंय. पण डोकं तापलेलं होतं. मी स्कूटरची किल्ली उचलली. "चाल, तुले स्टँडवर सोडून देतो. मले तिकूनच जाणं हाय."

बाईनं माझ्याकडे पाहिलं. मग कॅलेंडरकडे. "आज वार कोणता हाय रे?"

"बुधवार. पण आता कोण मानते हे? तुले घरी काम पडून राह्यले ना."

"हो, हो," ती लगेच म्हणाली. "लय काम हायेत." वैशाली स्वयंपाकघराच्या दारात येऊन माझ्याकडे डोळे मोठे करून पाहत होती. मला वाटलं, शर्टाचं बटण राहिलं असेल.

स्टँडवर अकोल्याची गाडी लागलेलीच होती. मी बॅग उचलायला गेलो तर बाई म्हणाली, "ह्याच्यात गर्दी हाय." मला तर अर्धी गाडी रिकामी दिसत होती. ती गेली. वीस मिनिटांनी दुसरी आली. "हा ड्रायव्हर तोंडावरूनच आगाव दिसते." तीही गेली. ऑफिसातून दोनदा फोन येऊन गेला. मी घड्याळ पाहत उभा, एकदा ह्या पायावर, एकदा त्या पायावर. आणि बाई बाकावर बसली होती. टेकून बसली होती. उभ्या जन्मात मी तिला असं बसलेलं पाहिलं नव्हतं. चुळबुळ मी करत होतो आणि ती गप्प बसली होती, आणि मला ते बरं वाटेना.

"तू जाय सुध्या. तुह्यी तपासणी हाय. मी पाह्यतो माही गाडी."

"तू बसली की जातो."

"सकाळची गोळी राह्यली," ती एकदम म्हणाली. "घाईत खाल्लंच नाही काही." तिला प्रेशरची गोळी आहे. मी बिस्किटाचा पुडा आणि पाण्याची बाटली आणली. तिनं बॅगेची चेन उघडली आणि आतून कागदाच्या पुड्या काढल्या. प्रत्येक पुडीवर तिच्या त्या शाळेतल्या गोल अक्षरात लिहिलेलं. एक पुडी तिनं सोडली, तिच्यावर 'बुध सकाळ' होतं. दोन मांडीवर राहिल्या. 'बुध रात्र' आणि 'गुरू सकाळ'.

मी त्या पुड्यांकडे पाहत राहिलो. बॅगेत कडेला घडी घातलेली उद्याची साडीही दिसत होती.

ह्या पुड्या तिनं सोमवारी किंवा मंगळवारी अकोल्याला बसून बांधल्या असणार. बुध रात्र, गुरू सकाळ. म्हणजे बत्तीस वर्षं हजेरीपटावर वार लिहिणारी बाई बुधवार कधीच विसरली नव्हती. ती मंगळवार निवडून येत होती. का, तर बुधवारी कुणीतरी तिला अडवावं लागतं. भाऊजी गेले, मुलगा बंगलोरला. तिचं घर मला माहीत आहे. दोन खोल्या, एक तुळस, एक माणसाचा कुकर. सकाळी आठाला तिथलं सगळं काम संपतं. आपणहून राहते म्हणायला तिचा जीव धजत नव्हता, आणि मी, तिचा सख्खा भाऊ, स्कूटरची किल्ली घेऊन पुढे चाललो होतो. मला माझी लाज वाटली, खरंच वाटली.

मी बाजूला जाऊन ऑफिसात फोन केला. शिपायाला म्हटलं, मोटारसायकल काढ आणि स्टँडवर येऊन चावी घेऊन जा, मी मागून येतो. मग वैशालीला लावला. "ऐक, आमी परत येऊन राह्यलो."

"मालूम हाय," ती म्हणाली. "मी चौघाइची कणीक भिजवली."

तेवढ्यात तिसरी गाडी लागली. बाई उठली, बॅग खांद्याला लावली. आता नावं ठेवायला तिला काही सापडत नव्हतं. मी पुढे झालो आणि तिच्या खांद्यावरची बॅग काढून घेतली.

"बाई, जाशीन बुधी, येशीन कधी. चाल घरी."

तिनं माझ्याकडे पाहिलं. मग कपाळावर हात मारला. "घ्या. माह्या ध्यानातच नाही राह्यलं." आणि लगेच, "इथवर आणून सारा माहा टाइम घालवला तू. वैशाली एकटी काम करून राह्यली असन. चाल बिगीबिगी."

शिपाई चावी घेऊन गेला आणि आम्ही निघालो. वाटेत औषधाचं दुकान लागलं. मी स्कूटर थांबवली आणि तिला गोळीचं नाव विचारलं.

"कायले रे? गुरुवार सकाळलोक हायेत ना माह्याजोळ."

गुरुवारपर्यंतच्या गोळ्या जवळ असल्याचं बोलून गेली आणि घाईनं पदर सावरायला लागली. मीही काही ऐकलं नाही असं दाखवलं. दुकानदारानं किती देऊ म्हणून विचारलं, मी पूर्ण पट्टी मागितली.

पुढचा चौक आला. मग मागून तिचा आवाज आला, एरवीपेक्षा बराच हळू.

"सुध्या, माय गुरुवारचं काही म्हणे काय रे?"

माय गुरुवारचं काहीच म्हणत नव्हती.

"म्हणे ना," मी म्हटलं.

"काय म्हणे?"

"आता ध्यानात नाही येऊन राह्यलं. आठवलं की सांगतो. तवरलोक थांब."