मास्तरांचं पहिलं विमान

"वीतभर तर आहे!" शिंपीमास्तरांनी भिंतीवरच्या नकाशाला टेप लावून जाहीर केलं. "इथून लेकीचं शहर, बरोब्बर वीतभर."

"सात हजार किलोमीटर आहे ते. विमानाने नऊ तास," मास्तरीणबाई काजं करता करता म्हणाल्या.

मास्तरांनी गुपचूप टेप गुंडाळली. शिलाईमशीनच्या स्टुलाहून उंच बसायची त्यांना सवय नव्हती. नऊ तास अधांतरी बसायची तर त्यांना धास्तीच होती. याच भीतीपायी लेकीकडे जाणं तीन वर्षं टळलं होतं. आता नात झाली होती. बाईंनी परस्पर तिकिटं काढली आणि डॉक्टरांकडून झोपेच्या दोन गोळ्या आणल्या, जायची एक, यायची एक.

"विमानात बसल्यावर घ्यायची हं," त्यांनी बजावलं.

पण विमानतळावर काचेतून ते अगडबंब धूड दिसलं मात्र, मास्तरांनी गोळी तिथेच गिळून टाकली. ते घोरायला लागले आणि घोषणा झाली की विमानाला सात तास उशीर आहे.

बाईंनी कपाळावर हात मारला आणि नवऱ्याचं डोकं खांद्यावर घेऊन बसून राहिल्या. खांद्याला मुंग्या आल्या, तरी हलल्या नाहीत. अखेर मास्तरांनी डोळे उघडले.

"पोहोचलो?"

खरं सांगितलं, तर हा माणूस तडक घरची वाट धरणार आणि नात फोटोतच बघावी लागणार. बाई शांतपणे म्हणाल्या, "पहिलं विमान झालं. आता दुसरं."

"मी उडालो? चढलो कसा?"

"माझ्या खांद्यावर."

"आणि मला काहीच झालं नाही?"

"छान घोरत होतात."

मास्तरांची छाती फुगली. रांगेत एक गृहस्थ सारखा घाम पुसत होता, त्याच्या पाठीवर त्यांनी थाप मारली. "पहिल्यांदाच वाटतं? काही नसतं हो! पोटातलं पाणी हलत नाही."

विमानात समोरच्या पडद्याने मात्र घात केला. "अगं, इतकं येऊनही नऊ तास शिल्लक?"

"वारा समोरचा होता."

"तरीच!"

विमान धावत सुटलं. अनुभवी प्रवाशाच्या ऐटीत मास्तरांनी बायकोचा हात धरला, तर तो बर्फासारखा गार. बाईंनी डोळे गच्च मिटले होते. त्यासुद्धा जन्मात कधी उडाल्या नव्हत्या. पर्समध्ये दुसरी गोळी होती. पण आपण झोपलो तर यांच्याकडे कोण बघणार, म्हणून त्यांनी ती घेतली नव्हती.

"घाबरतेस काय? मी आहे ना!" मास्तर म्हणाले. मग त्यांनी गिऱ्हाइकांच्या गमती सांगितल्या, बळेबळे दोन घास भरवले, डगमगत्या विमानात चालत जाऊन पाणीसुद्धा आणलं. बाईंना भीतीतही त्यांचं फार कौतुक वाटलं.

उतरल्यावर विमानतळाबाहेर लेक बाळाला घेऊन उभी होती. "बाबा, घाबरला नाहीत ना?"

"पहिल्या विमानाचं आठवत नाही. दुसऱ्यात तुझ्या आईमुळे सवडच मिळाली नाही."

"पहिलं विमान? बाबा, तुमचं एकच विमान होतं!"

बाई नातीच्या टोपड्याची शिलाई निरखू लागल्या. मास्तरांनी त्यांच्याकडे बघत बोटांवर तास मोजले.

"म्हणजे नऊच्या नऊ तास मी जागा होतो?"

"मला सांभाळत," बाई हळूच म्हणाल्या.

मास्तरांनी पर्स मागून घेतली, उरलेली गोळी शोधली आणि बायकोच्या तळहातावर ठेवली.

"परतताना ही तू घे," ते म्हणाले. "मला सवय आहे."