टॉवेलाखालचा सौदा

सोनपेठची डाळमिल घेतली की गंगाखेडच्या भुजंगरावांचे तीन फायदे होणार होते. तूर स्वतःच्या मिलमध्ये भरडली जाणार, लग्नपत्रिकेत नावापुढे ‘डायरेक्टर’ छापून येणार आणि वकिलाला न विचारता सौदा केला तर पंचवीस हजार फी वाचणार. तिसरा फायदा त्यांना सगळ्यात गोड लागत होता.

मिल म्हणजे प्रायव्हेट लिमिटेड कंपनी. साठ टक्के शेअर नागनाथचे, चाळीस टक्के त्याची वहिनी सरजाबाईचे. नागनाथला पुण्यात फ्लॅट घ्यायची घाई होती.

“काका, शेअर घ्यायच्या आधी कंपनीची नियमावली वाचावी लागती,” ॲडव्होकेट धम्मशीला म्हणाल्या.

“वकीलबाई, आजवर शंभर बैलं घेतली. एकाची तरी नियमावली वाचली का?”

“बैलाला भागीदार नसतो, काका.”

भुजंगराव हसले आणि फी खिशात ठेवून निघाले.

सौदा त्यांनी बैलबाजाराच्या रीतीनं केला. भाव कुणाला कळू नये म्हणून टॉवेलाखाली हात घालून नागनाथची बोटं दाबली. नागनाथनं साठ लाख धरले होते. दुपार कलेपर्यंत बोटं सुजली आणि भाव अडतीसवर आला. भुजंगरावांनी लगेच इसार दिला, अख्ख्या बाजाराला पेढे वाटले आणि पेंटर बोलावून गेटवर स्वतःचं नाव हातभर उंचीचं रंगवून घेतलं.

आठवड्यानं सरजाबाई भुजंगरावांच्या दारात आल्या. सोबत धम्मशीला.

“नियम असा हाय काका,” धम्मशीला म्हणाल्या, “शेअर बाहेरच्याला विकायचे तर ठरलेला भाव आधी भागीदाराला लेखी कळवायचा. नागनाथनं तो कालच कळवलाय. त्या भावात तिनं घेतले तर बाहेरचा बाहेरच.”

“मग घ्या की! कुठून आणता अडतीस लाख?”

“चाळीस तयारच होते, भाऊ,” सरजाबाई पदर सावरत म्हणाल्या. “दोन वर्षं दिराच्या हातापाया पडायले, पण गडी साठच्या खाली येईना. तुमी एका दुपारीत उतरवला. लय उपकार झाले बघा!”

भुजंगराव धम्मशीलाकडं वळले. “तुमी तर माझ्या वकील होता!”

“फी दिली असती तर झाले असते.”

हिशेब सरळ निघाला. सरजाबाईला अख्खी मिल मिळाली, तीही वकिलाची फी धरून चाळिसाच्या आत. नागनाथचे बावीस लाख बुडाले, पण इसार त्यानं गुमान परत केला. पेढे भुजंगरावांच्या नावावर राहिले. शिवाय गेटवरचं नाव पुसायला पेंटरनं लिहिण्याच्या दुप्पट मागितले, तेही त्यांनीच दिले. आयुष्यात पहिल्यांदाच, घासाघीस न करता.