अकरा दुकानं, तीन खोकी

साबणाची एजन्सी टिकवायची तर कंपनीच्या साहेबांना गावातल्या अकराही दुकानांत साबण दिसायला हवा होता, आणि एजंटाच्या घरात होती तीन खोकी. बाकीचा माल पूल खचल्यामुळे चार महिने नदीपलीकडच्या गोदामात अडकून पडला होता. या चार महिन्यांत गावात एकालाही त्याची आठवण झाली नव्हती, ही गोष्ट वेगळी. एजंट मात्र कंपनीला दर आठवड्याला 'माल सर्व दुकानांत उपलब्ध' असं बिनधास्त कळवत होता. कळवायला काय जातंय? आता साहेब नावेतून नदी ओलांडून खात्री करायला येत होते.

"अहो, खरं काय ते सांगून टाका ना," बायको म्हणाली.

"आणि एजन्सी गेली तर? या वयात मला दारात कोण उभं करणार?"

बायकोचा भाऊ शेजारी चहा पीत बसला होता. नोकरी शोधायला म्हणून तो बहिणीकडे आला, त्याला आता सहा वर्षं होत आली होती. त्याने कप खाली ठेवला.

"भावोजी, साहेब एका वेळी एकाच दुकानात असणार ना? मग माल अकरा ठिकाणी कशाला हवा?"

सहा वर्षांत पहिल्यांदाच एजंटाला मेहुण्याविषयी आदर वाटला.

बेत सोपा होता. एजंटाने साहेबांना मुख्य रस्त्याने सावकाश फिरवायचं. मेहुण्याने मागच्या गल्लीतून स्कूटर घेऊन यायचं, साहेब बाहेर पडले की खोकं उचलायचं आणि पुढच्या रिकाम्या दुकानात नेऊन मांडायचं. दुकानदारांची हरकत नव्हती. "ठेव बाबा, पण लगेच उचल. तिथं माझी बिस्किटं असतात," एवढंच त्यांचं म्हणणं. कुणी काही विचारलं तर तोंड उघडायचं नाही, अशी ताकीद एजंटाने मेहुण्याला तीनतीनदा दिली.

पहिली चार दुकानं सुरळीत पार पडली. साहेब फळीकडे बघायचे, वहीत खूण करायचे आणि पुढे निघायचे. एजंटाचा जीव भांड्यात पडला.

पण त्याच्या नकळत, दुसऱ्या दुकानात मेहुणा खोकं उचलत असताना शाळेतल्या बाई तिथे उभ्या होत्या. "का हो, साबण का नेताय?"

"काही नाही, काही नाही," मेहुणा म्हणाला आणि घाईघाईने मागच्या दाराकडे वळला.

इथेच घोटाळा झाला. या गावात एखादी वस्तू गुपचूप मागच्या दाराने निघाली की ती पुढे महिनाभर मिळत नाही, हे लहान पोरालाही ठाऊक होतं. आधी मीठ असंच गेलं होतं, मग काडेपेट्या. बाईंनी मेहुण्याला अडवून चार वड्या तिथल्या तिथे काढून घेतल्या आणि वाटेत शिंप्याला सांगितलं. शिंप्याला सांगितलं म्हणजे गावाला सांगितलं.

सहाव्या दुकानाच्या आडोशाला मेहुण्याने एजंटाची बाही ओढली. "भावोजी, खोकी हलकी झालीत."

"म्हणजे?"

"लोक साबण विकत घेतायत."

"घेऊ नका म्हणावं!"

"म्हटलं की. मग जास्तच घ्यायला लागले."

आठव्या दुकानात साहेबांना फळीवर दिसलं ते नुसतं रिकामं खोकं. नवव्यात तेही नव्हतं. तिथे वीसेक माणसं फळकुटावर ओणवी झाली होती आणि दुकानदार घसा फोडून ओरडत होता, "संपला! अहो, संपला म्हणतो ना!"

साहेबांनी वही मिटली. "सगळीकडे माल आहे म्हणून कळवता, आणि इथं लोक एका वडीसाठी भांडतायत?"

"साहेब, शपथेवर सांगतो," एजंट हात जोडून म्हणाला, "हा साबण या गावात कुणीही घेत नाही!"

"खोटं बोलतोय!" मागून एक म्हातारी कडाडली. "घरात दडवलाय याने!"

एजंटाला रडूच कोसळायचं बाकी राहिलं. इतकी वर्षं ज्या साबणासाठी त्याने दुकानदारांची मनधरणी केली होती, तो खपत नाही हे पटवायची वेळ आता त्याच्यावर आली होती. शेवटी त्याने तीन खोक्यांची खरीखुरी गोष्ट साहेबांना अथपासून इतिपर्यंत सांगितली. साहेबांनी ती शांतपणे ऐकून घेतली आणि तिच्यातल्या एका अक्षरावरही विश्वास ठेवला नाही.

"एवढी मागणी तुम्हाला पेलायची नाही," ते म्हणाले. "एजंट बदलावा लागेल. आणि तो स्कूटरवाला कोण हो? सकाळपासून बघतोय, ज्या दुकानात जावं तिथं हा खोकं घेऊन धावतोय. कंपनीला अशी माणसं हवीत."

संध्याकाळी एजन्सीचं पत्र हातात घेऊन मेहुणा ओशाळून बसला होता. बायकोला भावाचं कौतुक करावं की नवऱ्याची समजूत घालावी, हे कळेना. "एजन्सी घरातच राहिली की," ती हळूच म्हणाली.

एजंट भिंतीकडे तोंड करून बसला होता. त्याला मनापासून वाईट वाटत होतं.

"भावोजी, असं तोंड पाडू नका," मेहुण्याला राहवेना. "गोदामातला माल नावेने आणायला मला एक भरवशाचा माणूस लागणारच आहे. तुम्हाला सोडून मी दुसऱ्याला ठेवीन होय?"

एजंटाचे डोळे पाणावले. त्याने मान हलवली.

"फक्त वर्तणुकीचा दाखला तेवढा आणा," मेहुणा म्हणाला.