दुभत्या गाईला लेप चालत नाही

माणूस हा निसर्गाचाच एक भाग आहे, आणि निसर्गाला कशाचीही घाई नसते. या दोन भक्कम सत्यांवर आणि एका पत्र्याच्या शेडवर घोडेगावच्या रस्त्याला एक निसर्गोपचार केंद्र उभे आहे. केंद्राचे संचालक गोकुळ गुरुजी पूर्वी पाण्याच्या मोटारी दुरुस्त करत. मोटार आतल्या उष्णतेने जळते, माणसाचेही तेच होत असणार, हे त्यांच्या ध्यानात आले आणि तालुक्याचे कल्याण झाले. केंद्राचा निकाल शंभर टक्के आहे. (जो रुग्ण परत येत नाही तो बरा झाला, असे धरण्याची तिथे पद्धत आहे.)

अवसरी खुर्दच्या सोपानला हे सगळे मनापासून पटले. सोपान काही अडाणी नव्हे. टोमॅटोची रोपे तो नर्सरीतून कोकोपीटच्या ट्रेमध्येच आणतो, कारण साध्या मातीत बुरशी असते. पानावर ठिपका दिसला की दिवस मावळायच्या आत फवारणी, आणि औषधाचे प्रमाण डब्यावर लिहिलेले. अशा चोख माणसाला साखरेचा आजार जडला. दवाखान्याच्या गोळ्या त्याने वर्षभर घेतल्याही. मग गुरुजी म्हणाले, "गोळी म्हंजी केमिकल. केमिकल पोटात कशाला घालायचं, भाऊ?" सोपानला ते एकदम लागू पडले. गोळ्या बंद झाल्या, कारल्याचा रस सुरू झाला.

पुढे कुंपणाच्या तारेने उजव्या पायाची करंगळी फाटली. दुखली मात्र नाही. (साखरेने पाय बधिर होतो, असे डॉक्टरी मत आहे, गुरुजींच्या मते तो कारल्याचा गुण.) जखम चिघळली तसा गुरुजींनी मातीचा लेप दिला. माती सोपानच्याच शेतातली, म्हणजे टोमॅटोचे रोप ज्या मातीच्या हवाली करायला तो तयार नव्हता तीच. करंगळी काळी पडली तेव्हा गुरुजी खूश झाले. विष बाहेर पडताना रंग दाखवते म्हणे.

त्याची बायको साळुबाई हिचा जीव मात्र थाऱ्यावर नव्हता.

"अवो, वास यायला लागलाय. पाय जाईल एखाद्या दिशी. दवाखान्यात चला."

"अगं, निसर्गाला येळ द्यावा लागतो," असे म्हणून सोपान कूस बदलायचा. पाय गेला तर ह्या माणसाचं कसं व्हायचं, या काळजीने तिला घास गोड लागेनासा झाला.

अशात एका सकाळी सोनी गाईने वैरणीला तोंड लावले नाही. कास गरम लागत होती. सोपानने चूळसुद्धा भरली नाही. लंगडत लंगडत जाऊन त्याने जनावरांच्या भरत डॉक्टरांना फोन लावला. "लगेच या, साहेब. ताप बी हाय. इंजेक्शन घिऊनच या."

डॉक्टर आले, इंजेक्शन दिले, पुढची औषधे सांगितली. मध्येच सोडायची नाहीत, असेही म्हणाले. "कोर्स पुरा झालाच पायजे," सोपानने साळुबाईला बजावले.

साळुबाईने पदर खोचला. "डॉक्टर, आता आमच्या ह्या दुसऱ्या जनावराचा बी पाय बघा."

दोन पायांच्या प्राण्यावर उपचार करण्याची भरत डॉक्टरांना परवानगी नाही. त्यांनी नुसती माती धुवायला लावली आणि पाहिले. मग सोनीकडे बोट करून म्हणाले,

"सोपानभाऊ, गाईचं खूर असं झालं असतं तर मला कधी बोलावलं असतं?"

"त्याच दिवशी."

"का? लेप लावायचा की."

"काय राव, डॉक्टर," सोपान अगदी कळवळून म्हणाला, "दुभती गाय हाय. तिच्यावर असलं प्रयोग कसं करायचं?"

बोलून झाल्यावर ते त्याचे त्यालाच ऐकू आले. साळुबाईने त्याच्या चपला आणून पुढ्यात ठेवल्या.

पुण्याच्या दवाखान्यात पाय वाचला, करंगळी गेली. आणखी थोडे दिवस थांबला असता तर पाय घोट्यापासून काढावा लागला असता, असे तिथले सर्जन म्हणाले. सोपान आता सोनीच्या धारेच्या वेळीच स्वतःची गोळी घेतो, विसर पडू नये म्हणून. केंद्रात त्याचा फोटो लागला आहे, खाली 'व्याधी समूळ गेली' असे लिहिले आहे. (जाताना करंगळीही घेऊन गेली, हे जागेअभावी लिहिलेले नाही.)

अवसरीत ही हकीकत निघाली की माणसे पोट धरून हसतात. वाचकही हसले असतील, आणि त्यांना तो हक्क आहे. ते शिकलेले आहेत, पायाला माती लावणाऱ्यांतले नव्हेत. जिना चढताना त्यांचा डावा खांदा हल्ली भरून येतो तो वाताने, त्यावर ओवा चालू आहे. बीपीची गोळी बरे वाटतेय म्हणून त्यांनी मागेच सोडली. काल मात्र गाडीचा ब्रेक जरासा वाजला, तर ऑफिसला दांडी मारून ते तडक गॅरेजवर गेले. मेकॅनिक म्हणाला, बरं झालं साहेब, लगेच आणलीत.