मारिकावहिनींचं एका ओळीचं उत्तर

तासगाव तालुक्यातले द्राक्षबागायतदार उदयसिंहचा एक कंटेनर नेदरलँड्सच्या बंदरात जाऊन उभा राहिला आणि तिथल्या खरेदीदाराने पत्र धाडलं. मणी करारापेक्षा बारीक निघाले आहेत. माल कमी प्रतीचा असल्याचं मान्य करून पंधरा दिवसांत सही पाठवा, पुढे मालाचं काय करायचं ते आम्ही बघू. उदयसिंहने त्यातला एकेक घड स्वतःच्या हाताने माप लावून भरला होता. वर्षभर बागेत राबून उभा केलेला माल तो. सही करावी की करू नये, एवढाच काय तो प्रश्न होता.

असल्या प्रश्नाला डच कायद्याचा वकील लागतो. सांगली जिल्ह्यात असा वकील मिळायचा नाही, पण उदयसिंहचं नशीब जोरावर. त्याच्या सख्ख्या भावाच्या घरी, विश्रामबागेत दुसऱ्या मजल्यावर, तो वकील भाकरी थापत होता. थोरले बंधू जयराज नोकरीनिमित्त तिकडे गेले होते, ते मारिकाशी लग्न करूनच परतले. मारिकावहिनींनी मायदेशी बारा वर्षं व्यापारी खटले चालवले होते. मराठी मात्र त्या सासूबाईंकडून, म्हणजे रंगूबाईंकडून शिकल्या, त्यामुळे त्यांच्या मराठीला बांधावरचा वास होता.

वहिनींनी पत्र वाचलं, तोंड उघडलं आणि परत मिटलं.

"भावजी, उत्तर एका वळीचं हाय. पर सांगता येत न्हाई."

"का वो?"

"मी परदेशी वकील. हितं बसून माझ्या देशाचा कायदा सांगायचा तर आदी प्रमाणपत्र पायजे. तसा नियमच हाय."

"आगं, मग सैपाकघरात सांग की त्येला," रंगूबाई म्हणाल्या. "कोण ऐकतंय?"

"आत्याबाई, सैपाकघरात सांगितला तरी सल्लाच त्यो."

"बरं, तोंडानं नगा सांगू," उदयसिंह म्हणाला. "नुसती मान हलवा."

वहिनींनी मान ताठ धरली. दोन्ही हातांनी धरली. मान हलवणं हासुद्धा सल्लाच, असं त्यांचं म्हणणं पडलं. नियम खरोखर पाळणारं माणूस घरात असलं की घरच्यांचे किती हाल होतात, हे उदयसिंहला त्या दिवशी समजलं.

परदेशी विधी सल्लागार प्रमाणन कक्ष साताऱ्यात होता. दुसऱ्याच दिवशी दीर-भावजय तिथे हजर झाले. प्रमाणन अधिकारी वीरधवल साहेबांनी दोघांना बसवलं, चहा पाजला आणि गंभीरपणे विचारलं, "यांच्या देशात कायदा आहे, याला पुरावा काय?"

"आवं साहेब, देश म्हटल्यावर कायदा असणारच की!" उदयसिंह म्हणाला.

"असं गृहीत धरून कसं चालेल? कायदा अस्तित्वात असल्याचा दाखला आणा. आणि आणलेल्या दिवशीसुद्धा तो कायदा चालू आहे, असं त्यात नमूद हवं."

वकिलातीने एका दिवसात दाखला पाठवला. सरकारी कागद एका दिवसात आला म्हणजे तो खोटाच असणार, असा संशय घेणं कक्षाला भाग होतं. शहानिशा करण्यात तीन दिवस गेले.

मग परीक्षा आली. नियमाप्रमाणे अर्जदाराची तोंडी परीक्षा घ्यायची, आणि परीक्षक त्या कायद्याचा जाणकार हवा. अख्ख्या विभागात डच कायद्याचा जाणकार एकच होता, आणि तो म्हणजे खुद्द अर्जदार. वहिनींनीच प्रश्नपत्रिका काढून द्यावी, अशी सूचना पुढे आली. पण प्रश्न काढायचे तर कायदा सांगावा लागणार, आणि प्रमाणपत्राआधी कायदा सांगणं हा गुन्हा. वीरधवल साहेबांनी कपाळाला हात लावला. मग त्याच हाताने फाईल चाळता चाळता त्यांना जतचे वकील तात्याबा सापडले.

तात्याबांची वकिली एकतीस वर्षांची. कर्नाटकातल्या कोर्टांत त्यांची सतत ये-जा. त्यांच्या माहितीपत्रकात 'सीमेपलीकडील कायदा व भाषा यांचा प्रदीर्घ अनुभव' असं स्वच्छ लिहिलं होतं. सीमा कोणती, असा रकाना छापील अर्जात नव्हता. सातव्या दिवशी तात्याबा फेटा बांधून परीक्षा घ्यायला बसले.

"निम्म ऊरु यावुदु?" त्यांनी कन्नडमध्ये वहिनींना गाव विचारलं.

वहिनींना एक अक्षर कळलं नाही. तात्याबांनी हळहळत शेरा मारला: 'अर्जदारास परदेशी भाषेचा गंध नाही. नापास.'

उदयसिंह हातघाईवर आला. "आवं तात्याबा, ही कानडी झाली! वहिनींचा मुलूख समुद्राच्या पल्याड हाय!"

"आसंल की. पर मी जतच्या पल्याड एवढंच बघितलंय. मला दुसरं पल्याड म्हाईत न्हाई गड्या."

उत्तर इतकं प्रामाणिक होतं की उदयसिंहने हात जोडले. वहिनी मात्र खचल्या नाहीत. जतला मेंढ्या राखणाऱ्या धुळा नावाच्या म्हाताऱ्याकडे तीन दिवस बसून त्या कन्नड शिकल्या आणि दहाव्या दिवशी फेरपरीक्षेला उभ्या राहिल्या. डच कायदा माहीत आहे का, असं तात्याबांनी कन्नडमध्ये विचारलं. "गोत्तु, आद्रे हेळो हंगिल्ल," वहिनी म्हणाल्या. माहीत आहे, पण सांगायची परवानगी नाही. भाषाही शुद्ध आणि नियमाचं भानही पक्कं! तात्याबांनी पैकीच्या पैकी गुण दिले.

गावाच्या आनंदाला उधाण आलं. वेशीवर वीस फुटी फ्लेक्स लागला. त्यात वहिनींचा फोटो एक आणि शुभेच्छुकांचे बेचाळीस. 'डच कायद्याच्या परीक्षेत घवघवीत यश! आता टेन्शन घ्यायचं नाही!' संध्याकाळपर्यंत तो फ्लेक्स मोबाईलवरून वीरधवल साहेबांपर्यंत पोचला आणि सकाळी नोटीस निघाली. वकिलाने स्वतःची जाहिरात करणं हा नियमभंग आहे. सात दिवसांत खुलासा करावा, तोवर प्रमाणपत्र रोखण्यात येत आहे.

तो अकरावा दिवस. खुलाशाचे सात दिवस आणि हातात चार. उदयसिंहने सरळ वीरधवल साहेबांचे पाय धरले.

"साहेब, निदान सही करू का नको, एवढं तरी सांगू द्या त्यास्नी!"

"हे बघा, कक्ष म्हणून मी काही बोलू शकत नाही." साहेबांनी दार लोटून घेतलं. "माणूस म्हणून विचाराल तर करून टाका सही. परदेशी लोकांशी वाकडं नको."

चहावाला इलाही म्हणाला, करा सही. त्याचा साडू दुबईला होता. बेचाळीस शुभेच्छुकांपैकी एकतीस म्हणाले करा, अकरा म्हणाले करू नका, आणि कारण दोन्हीकडे एकच होतं, की आपल्याला अनुभव आहे. शेवटी उदयसिंहने तात्याबांना गाठलं. आता ते साधे वकील राहिले नव्हते. डच कायद्याचे विभागातले एकमेव मान्यताप्राप्त परीक्षक होते, तसा कक्षाचा शिक्क्याचा आदेशच होता.

"कर सही," तात्याबा म्हणाले. "आमच्या पल्याड अथणीकडं अशा कामात सहीच करत्यात."

पंधराव्या दिवशी उदयसिंहने सही केली. वहिनी शेजारी बसून होत्या. पदर तोंडात कोंबून घेतला होता आणि डोळ्यांतून पाणी चाललं होतं. डोळ्यांतलं पाणी हा सल्ला धरायचा की नाही, याबद्दल नियमात काहीच नव्हतं, म्हणून ते त्यांनी वाहू दिलं. उदयसिंहला ते दिसलं. त्याला वाटलं, भावजय हळवी आहे.

अठराव्या दिवशी खुलासा मंजूर होऊन प्रमाणपत्र आलं. वहिनींनी लगोलग दिराला बोलावून ती एक ओळ सांगितली. वर्षाचा माल त्याने स्वतःच्या पेनाने लिहून दिला होता.

गावात त्यावर एकमत झालं. चूक वहिनींची! एवढी शिकलेली बाई, घरचं माणूस बुडताना बघत बसली, एका शब्दाने सांगायला काय झालं होतं?

ती ओळ काय होती, ते इथे लिहिता येत नाही. लिहिणाऱ्याकडे प्रमाणपत्र नाही. तुम्ही मात्र पहिल्या परिच्छेदापासूनच मनात ठरवून बसला आहात, सही करायला हवी होती की नको ते. मग अडलंय कुठे? खुशाल सांगा. ज्याला कायदा माहीत नाही, त्याच्याकडे प्रमाणपत्र अजून कुणीच मागत नाही.